पेशी वाढल्या, तरी संसर्ग का? सिगारेटचा धूर आणि फुफ्फुसातील रोगप्रतिकारक पेशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका वाचक भगिनीचे वडील ६३ वर्षांचे आहेत. त्यांनी ३५ वर्षे रोज साधारण २० सिगारेटी ओढल्या आणि दोन वर्षांपूर्वी सोडल्या. त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार आहे. एक्स-रेमध्ये एक डाग दिसला म्हणून त्यांची दुर्बिणीची तपासणी झाली. कर्करोग किंवा क्षय निघाला नाही, परंतु फुफ्फुस धुतलेल्या पाण्याच्या अहवालात ‘तपकिरी कणांनी भरलेल्या मॅक्रोफेज पेशी मोठ्या संख्येने आढळल्या’ असे लिहून आले. मॅक्रोफेज ही रोगप्रतिकारक पेशी असते असे या भगिनींनी वाचले आणि साहजिकच विचारले की, संरक्षण करणाऱ्या पेशी एवढ्या असताना बाबांना गेल्या हिवाळ्यात तीनदा अँटिबायोटिक का घ्यावे लागले, सिगारेट सुटून दोन वर्षे झाली तरी कफ का थांबत नाही, आणि प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी त्यांना काही द्यावे का. २७ वर्षांचा धाकटा भाऊ दिवसाला ‘फक्त चार-पाच’ ओढतो, हेही त्यांनी शेवटी एका ओळीत लिहिले आहे. त्या ओळीकडे मी उत्तराच्या शेवटी येईन.

छातीच्या आजारांचे रुग्ण तपासताना मला पंचवीसहून अधिक वर्षे झाली आणि ‘डॉक्टर, यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे’ हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. धूम्रपान करणाऱ्याच्या फुफ्फुसाबद्दल बोलताना हे वाक्य अर्धेच खरे असते, आणि उपचाराच्या दृष्टीने उरलेले अर्धे जास्त महत्त्वाचे असते. धुरामुळे फुफ्फुसातील प्रतिकारक पेशींची संख्या वाढते, त्यांच्याकडून अपेक्षित असलेले काम बिघडते, आणि त्यांनी करू नये ते काम त्या अधिक जोमाने करू लागतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. म्हणून ‘कमी’ आणि ‘जास्त’ या मापात हा आजार बसत नाही.

अहवालातील पेशीपासूनच सुरुवात करू. श्वासनलिकेच्या फांद्या फुटत फुटत शेवटी हवेच्या सूक्ष्म फुग्यांशी संपतात. त्यांना वायुकोश म्हणतात आणि प्रौढ माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते सुमारे ४८ कोटी असतात. प्राणवायू रक्तात जातो तो इथेच, त्यामुळे इथली भिंत अतिशय पातळ असावी लागते आणि इथे गडबड, सूज, दाह होऊन चालत नाही. या वायुकोशांत मॅक्रोफेज वस्तीला असतात. पुस्तकांत त्यांना सैनिक म्हणण्याची पद्धत आहे, पण मला ती उपमा कधीच पटली नाही. निरोगी फुफ्फुसातील मॅक्रोफेज हा पहाटे कुणाची झोप न मोडता गल्ली झाडून जाणाऱ्या सफाई कामगारासारखा असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ, चुकून पोहोचलेले जंतू आणि आपल्याच मेलेल्या पेशींचे अवशेष तो गिळतो, पचवतो आणि आसपास दाह होणार नाही अशा बेताने हे सारे करतो. यांतील बहुतेक पेशी जन्माच्या आगेमागेच फुफ्फुसात येऊन स्थिरावलेल्या असतात आणि पुढे तिथल्या तिथे आपली संख्या राखतात.

सिगारेटच्या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असल्यामुळे नाकात किंवा मोठ्या नळ्यांत न अडकता ते थेट वायुकोशापर्यंत जातात. धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात, त्यांतील किमान ७० कर्करोगकारक आहेत, आणि प्रत्येक झुरक्याबरोबर अब्जावधींच्या पटीत मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, आत येतात. मॅक्रोफेज हे कण गिळतो. ते त्याचे कामच आहे. परंतु डांबर आणि काजळीसारखे काही पदार्थ पचवण्यासाठी लागणारी विकरे (एन्झाइम) त्याच्याकडे नाहीत. गिळलेले सारे पेशीतील लायसोसोम नावाच्या पिशव्यांत साचत जाते. तुमच्या वडिलांच्या अहवालातील तपकिरी रंग तो हाच. दोन वर्षे एकही सिगारेट न ओढता तो रंग कसा टिकला, असे तुम्हाला वाटले असेल. तो अनेक वर्षे टिकू शकतो, कारण भरलेली पेशी मेली की तिच्यातील न पचलेला माल शेजारची पेशी उचलते आणि ओझे फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. तेव्हा त्या अहवालावरून बाबा चोरून ओढत असल्याचा संशय घरात कुणी घेतला असेल, तर तो कृपया काढून टाकावा.

जुने कामगार अशा रीतीने अडकले की शरीर रक्तातून नवे पाठवते. मोनोसाइट नावाच्या पेशी रक्तातून फुफ्फुसात येतात आणि मॅक्रोफेजचे रूप घेतात. धूम्रपान करणाऱ्याचे फुफ्फुस धुतले तर न ओढणाऱ्याच्या तुलनेत चार-पाच पट, काही वेळा त्याहूनही जास्त पेशी मिळतात. मात्र या नव्या पेशी त्या शांत, मुरलेल्या रहिवाशांसारख्या नसतात. त्या दाह निर्माण करणारी रसायने सहज सोडतात आणि ऊती कापणारी विकरेही अधिक बनवतात. संख्या का वाढली याचे उत्तर इथे मिळते. पेशी जास्त दिसणे हे संरक्षण भक्कम असल्याचे लक्षण नसून काम तुंबल्याचे लक्षण आहे.

आता बिघडलेल्या कामाकडे पाहू. सीओपीडीच्या रुग्णांचे मॅक्रोफेज प्रयोगशाळेत तपासले असता ते हिमोफिलस इन्फ्लुएन्झासारखे जंतू कमी प्रमाणात गिळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. (नावात इन्फ्लुएन्झा असले तरी हा जीवाणू आहे, फ्लूचा विषाणू नव्हे; जुन्या काळी झालेल्या एका चुकीच्या समजुतीमुळे हे नाव त्याला चिकटले.) नेमका हाच जंतू या रुग्णांच्या श्वासनलिकांत ठाण मांडून बसतो आणि कफ पिवळा-हिरवा होऊन दम वाढण्याच्या प्रसंगी वारंवार सापडतो. मेलेल्या पेशी उचलण्याचे कामही असेच मंदावते. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण मेलेली पेशी वेळेत उचलली गेली नाही तर ती फुटते, तिच्या आतील विकरे आणि इतर मजकूर बाहेर सांडतो आणि त्यातून नवा दाह पेटतो. कचरा न उचलल्यामुळे कचरा वाढत जातो, असा हा प्रकार आहे.

श्वासनलिकांच्या अस्तरावरची परिस्थितीही याला साथ देते. तिथे अतिसूक्ष्म केसांचा थर असतो, जो कफाची चादर सतत वर, घशाच्या दिशेने ढकलत असतो. धुरातील अ‍ॅक्रोलिनसारख्या रसायनांनी हे केस मंदावतात, आखूड होतात, काही ठिकाणी झडून जातात; त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. माल वाढला आणि वाहून नेणारी यंत्रणा ढिली पडली, की रुग्णाला खोकूनच तो बाहेर काढावा लागतो. लहान श्वासनलिकांच्या पृष्ठभागावर जंतूंना अडवणारे आयजीए प्रतिपिंडही सीओपीडीत जागोजागी कमी पडते, आणि तिथून जंतूंना भिंतीत शिरायला वाट मिळते. तुमच्या वडिलांना एका हिवाळ्यात तीनदा संसर्ग झाला तो या सगळ्यांच्या बेरजेमुळे.

तिसरी गोष्ट, म्हणजे नको ते काम, समजून घेण्यासाठी न्यूट्रोफिल या पेशीची ओळख हवी. रक्तातील पांढऱ्या पेशींत हिची संख्या सर्वांत जास्त असते. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन आणि फुफ्फुसातील केशवाहिनीचा त्याहून कमी, म्हणून एरवीही तिला अंग चोरून, आकार लांबवून पुढे सरकावे लागते. धुरातील ऑक्सिडीकारक पदार्थांमुळे ही पेशी ताठर होते, आणि मग ती फुफ्फुसातच जास्त वेळ अडकून राहते. सिगारेट ओढत असतानाच हे घडते, असे १९८९ साली एडिंबराच्या संशोधकांनी माणसांवरील अभ्यासातून दाखवले. इकडे चिडलेले मॅक्रोफेज आणि श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी इंटरल्यूकिन-८ सारखी रसायने सोडून तिला भिंतीपलीकडे बोलावत असतात. आत आलेली न्यूट्रोफिल जंतू मारण्यासाठी इलास्टेज नावाचे विकर बाळगते, आणि ते जंतू व फुफ्फुस असा भेद करत नाही. फुफ्फुसाला रबरासारखी लवचीकता देणारे इलास्टिनचे तंतू ते कापते.

याला आवर घालणारे प्रथिन आपल्या रक्तात असते, ते म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना काही रक्तनमुन्यांत हे प्रथिन जवळजवळ नसल्याचे आढळले, आणि त्यांतील काही माणसांना तरुण वयातच एम्फिसीमा, म्हणजे वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याचा आजार होता. आमच्या शाखेत ज्या थोड्या शोधांनी सगळी विचारपद्धती बदलली, त्यांत मी याला फार वरचे स्थान देतो. कारण तोपर्यंत एम्फिसीमा हा जणू हवेच्या दाबाने फुगे ताणले जाण्याचा यांत्रिक आजार समजला जात असे आणि त्यानंतर तो कापणारे विकर व त्याला रोखणारे प्रथिन यांच्यातील तोल बिघडण्याचा आजार म्हणून पाहिला जाऊ लागला. ज्यांना हा जन्मजात दोष नाही त्यांच्यातही सिगारेट तेच काम दुसऱ्या मार्गाने करते. या प्रथिनाच्या साखळीत ३५८ व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते आणि इलास्टेजला पकडण्यासाठी ते महत्त्वाचे असते. धुराने त्याचे ऑक्सिडीकरण झाले की पकड सैल होते. म्हणजे एकीकडे कात्र्या वाढतात आणि दुसरीकडे त्या धरून ठेवणारा हात अधू होतो.

केवळ न्यूट्रोफिलला दोष देऊनही भागत नाही. १९९७ साली उंदरांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, मॅक्रोफेजमध्ये बनणारे एमएमपी-१२ हे विकर ज्या उंदरांत मुळातच नव्हते, त्यांना महिनोन्महिने सिगारेटच्या धुरात ठेवूनही एम्फिसीमा झाला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ही पुस्ती मी नेहमी जोडतो. तरी सफाई करणारी पेशीच घराची भिंत पोखरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे असेही दिसले की तुटलेल्या इलास्टिनचे तुकडे स्वतःच नव्या मोनोसाइट पेशींना ओढून आणतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा इथे आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

याच संदर्भात एक व्यवहारातील गोष्ट सांगतो. नियमित धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या कोणताही संसर्ग नसतानाही थोडी वाढलेली असते. अशा माणसाचा रक्ताचा अहवाल पाहून ‘इन्फेक्शन आहे’ असे ठरते आणि अँटिबायोटिक सुरू होते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. अँटिबायोटिकचा निर्णय कफाचा रंग बदलला का, त्याचे प्रमाण वाढले का आणि धाप वाढली का, यांवर घ्यावा. केवळ त्या एका आकड्यावर घेऊ नये.

आतापर्यंत ज्या पेशी सांगितल्या त्या जन्मजात प्रतिकारयंत्रणेच्या. आजार जुना झाला की दुसरी, म्हणजे अनुभवातून शिकणारी आणि लक्षात ठेवणारी यंत्रणाही त्यात उतरते. सीओपीडीच्या रुग्णांच्या श्वासनलिकांच्या भिंतीत सीडी-८ प्रकारच्या टी पेशी वाढलेल्या असतात. विषाणूने बाधित पेशी मारणे हे यांचे काम. त्यांच्याजवळची परफोरिन आणि ग्रँझाइम ही रसायने पेशीला छिद्र पाडून तिला मरायला लावतात. २००४ साली हॉग आणि सहकाऱ्यांनी १५९ रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या फुफ्फुसांच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिकांच्या भोवती बी पेशी आणि टी पेशींचे गोळे, जणू लहान लहान लसिका ग्रंथीच, तयार झालेल्या दिसल्या. आजार जितका तीव्र, तितक्या त्या अधिक. ग्रंथी वसवल्या म्हणजे शरीराने तिथे कायमचा मुक्काम मांडला. हा मुक्काम साचलेल्या जंतूंमुळे की स्वतःच्याच ऊतींविरुद्ध चुकून सुरू झालेल्या प्रतिक्रियेमुळे, यावर मतभेद आहेत; माझा कल जंतूंकडे अधिक आहे.

आता दोन वर्षांनंतरही कफ का, हे सांगणे सोपे जाईल. धूर थांबला की अस्तरावरचे केस काही आठवड्यांत सावरू लागतात. किंबहुना सिगारेट सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढल्याची तक्रार अनेक जण करतात आणि ‘ओढत होतो तेव्हाच बरा होतो’ म्हणत पुन्हा सुरू करतात. साठलेला माल वर येऊ लागल्याचे ते चिन्ह असते. ज्यांना सीओपीडी झालेला नाही, त्यांचा दाह पुढील महिन्यांत बऱ्यापैकी ओसरतो. ज्यांना तो झालेला आहे त्यांच्यात मात्र सिगारेट सोडून वर्ष झाल्यानंतरही कफातील न्यूट्रोफिल कमी न झाल्याचे दिसले आहे. धूर गेला, पण इलास्टिनचे तुकडे आहेत, ठाण मांडलेले जंतू आहेत, बारीक नळ्यांभोवती वसलेल्या ग्रंथी आहेत आणि पेशींच्या जनुकांवर धुराने लावलेल्या खुणाही आहेत. या खुणांबद्दल २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून १००० निरोगी स्वयंसेवकांवरील महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडल्यावर जन्मजात यंत्रणेवरील परिणाम लवकर मावळतो, परंतु टी पेशींशी निगडित बदल सोडल्यानंतरही अनेक वर्षे टिकतात आणि त्यांचा संबंध डीएनएवरील मिथाइलच्या खुणांशी आहे, असे त्यात आढळले.

यावरून ‘मग सोडून काय उपयोग’ असा अर्थ कुणी काढू नये, कारण आकडे अगदी उलट सांगतात. अमेरिकेतील लंग हेल्थ स्टडीमध्ये ११ वर्षांच्या पाठपुराव्यात, सिगारेट सोडून ती कायम बंद ठेवणाऱ्या पुरुषांची फुंकर-क्षमता, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, दरवर्षी सुमारे ३० मिलिलिटरने घटली. ओढतच राहिलेल्यांची ६६ मिलिलिटरने. ३० हा आकडा वयाने होणाऱ्या घटीच्या जवळचा आहे. तुमच्या वडिलांनी गेलेली क्षमता परत मिळवलेली नाही, परंतु तिच्या घसरणीचा वेग दोन वर्षांपूर्वी बदलला आहे, आणि त्यांच्या वयात हा फरक पाच-सात वर्षांनी जिना चढता येतो की नाही एवढा मोठा ठरू शकतो.

नागपुरात बसून या विषयावर लिहिताना क्षयरोगाला वगळून चालणार नाही. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्याच पोटात राहतो, त्यामुळे मॅक्रोफेज अधू झाला की त्याचे फावते. धूम्रपानाने क्षय होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. २००३ साली चेन्नईच्या परिसरातील ४३ हजार पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये क्षयाने मृत्यू येण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. हे का घडते याचा एक सुंदर दुवा २०१६ साली ललिता रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधील गटाने दाखवला. झेब्राफिश या लहानशा पारदर्शक माशांत त्यांना दिसले की लायसोसोम न पचलेल्या मालाने भरलेले असले की मॅक्रोफेजची हालचाल मंदावते आणि तो संसर्गाच्या जागी वेळेवर पोहोचत नाही. मग त्यांनी धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसातील मॅक्रोफेज तपासले, तर तेही कणांनी भरलेले आणि क्षयाच्या जंतूंकडे सरकण्यात तितकेच सुस्त निघाले. तुमच्या वडिलांच्या अहवालातील तपकिरी पेशी त्याच. सध्या त्यांना क्षय नाही हे उत्तमच आहे, परंतु पुढे कधी दोन आठवड्यांहून जास्त ताप, वजनात घट किंवा कफात रक्त दिसले, तर ‘जुना दमाच आहे’ म्हणून थांबू नये, कफाची तपासणी करून घ्यावी.

विडीचा उल्लेखही करायला हवा, कारण आमच्या विदर्भात गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांतून तेंदूपत्ता येतो आणि ‘पानात गुंडाळलेली, म्हणून नैसर्गिक’ अशी तिची ख्याती आहे. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूचे पान सच्छिद्र नसल्यामुळे ती विझू न देण्यासाठी झुरके अधिक वेळा आणि अधिक खोल घ्यावे लागतात, आणि फुफ्फुसाकडे जाणारा कार्बन मोनॉक्साइड व डांबर सिगारेटपेक्षा कमी भरत नाही. मॅक्रोफेजला कागद आणि पान यांतला फरक कळत नाही. चुलीच्या धुराचेही तेच. काटोल, उमरेडकडच्या गावांतून येणाऱ्या, आयुष्यात एकही विडी न ओढलेल्या साठीच्या बायांना सीओपीडी झालेला मी नेहमी पाहतो. त्यांच्यात वायुकोशांची मोडतोड कमी आणि बारीक नळ्या जाड व घट्ट होण्याचे प्रमाण अधिक असते, पण काजळीने भरलेल्या मॅक्रोफेजचे चित्र ओळखीचेच असते. सिगारेट सोडून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, घोटायला लागणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की फुफ्फुसावरचे संकट त्यांनी तोंडावर घेतले आहे. आणखी एक गोष्ट, आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे. अशा रुग्णाला छातीचे गंभीर संकट येण्याचा धोका धुराने वाढतो, मग तो धूर त्याने स्वतः ओढलेला असो की घरातील दुसऱ्याचा.

आता तिसरा प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काही द्यावे का? वरील सर्व वाचल्यावर तुमच्याच लक्षात आले असेल की वाढवायचे नेमके काय, हा पेच आहे. न्यूट्रोफिल वाढवून उपयोग नाही, सीडी-८ वाढवून तर नाहीच. बाजारातील ‘इम्युनिटी’च्या बाटल्यांनी मॅक्रोफेजची गिळण्याची क्षमता माणसात सुधारते, याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. उलट दिशेचा, म्हणजे दाह सरसकट दाबण्याचा प्रयोगही झाला. टीएनएफ हे दाहकारक रसायन अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब औषध सीओपीडीत वापरून पाहिले गेले. २००७ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि फायदा काही दिसला नाही. स्टेरॉइडची गोष्ट अधिक बोधक आहे. दम्यात स्टेरॉइड उत्तम काम करते, कारण ते दाहाच्या जनुकांना बंद करण्यासाठी एचडीएसी-२ नावाच्या विकराची मदत घेते. सीओपीडीच्या फुफ्फुसात हे विकर कमी झालेले असते, आणि आजार जितका पुढे गेलेला तितके ते कमी, असे २००५ साली लंडनच्या गटाने दाखवले. औषध दारापर्यंत पोहोचते, पण कुलूप लावायला किल्ली नसते. दमा असूनही सिगारेट ओढणाऱ्यांना पंपाचा गुण कमी येतो, त्यामागेही हे एक कारण असावे असे मानले जाते.

म्हणून सीओपीडीत पंप देताना आता रक्तातील इओसिनोफिल या पेशींची संख्या पाहिली जाते. ती प्रति मायक्रोलिटर ३०० किंवा त्याहून जास्त असेल आणि आजार वारंवार उसळत असेल, तर स्टेरॉइडयुक्त पंपाचा फायदा होण्याची शक्यता चांगली असते. १०० पेक्षा कमी असेल तर फायदा क्वचितच होतो आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. हिवाळ्यात तीन उसळ्या आलेल्या तुमच्या वडिलांची ही संख्या, आजार स्थिर असताना आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू नसताना मोजलेली, त्यांच्या फाइलमध्ये आहे का हे पाहा. साध्या रक्ततपासणीत ती मिळते. श्वासनलिका सैल करणारा दीर्घकाळ टिकणारा पंप हा पाया आहे. तो बरोबर घेतला जातो का हे डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवायला सांगा, कारण मी तपासतो त्यांतील बऱ्याच जणांचे औषध घशाच्या मागच्या भिंतीवरच बसत असते. एवढे करूनही उसळ्या थांबल्या नाहीत, तर अझिथ्रोमायसिन कमी मात्रेत दीर्घकाळ देण्याचा पर्याय आहे. त्याने जंतू आटोक्यात राहतात, आणि मॅक्रोफेजची गिळण्याची शक्तीही काही प्रमाणात सुधारते असे दिसले आहे. मात्र ते सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढावा लागतो, कानांच्या तक्रारी विचाराव्या लागतात आणि क्षयासारखे जंतू नाहीत याची खात्री करावी लागते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या औषधाचा फायदा सिगारेट सोडलेल्यांना मिळाला. ओढत राहिलेल्यांत तो जवळजवळ दिसला नाही.

प्रतिकारयंत्रणेला योग्य दिशेने काही शिकवता येत असेल तर ते लशीने. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची लस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, या दोन्ही त्यांना द्याव्यात. आपल्याकडे दिवाळीनंतर थंडी आणि फटाक्यांचा धूर पाठोपाठ येतात, म्हणून फ्लूची लस त्याआधी टोचून घेतलेली बरी. रोज चालणे, श्वासाचे व्यायाम आणि पुरेसे प्रथिनयुक्त जेवण हे साधे वाटते, पण सीओपीडीत पायांचे स्नायू झिजतात आणि धाप त्यामुळेही लागते. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात चालणे पहाटे उरकावे, एवढे सांगायची खरे तर गरज नाही.

आता तुमचा भाऊ. १९७४ साली निवोहनर आणि सहकाऱ्यांनी अपघातासारख्या कारणाने अचानक मरण पावलेल्या तरुणांच्या फुफ्फुसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील धूम्रपान करणाऱ्यांच्या बारीक श्वासनलिकांत, कोणताही त्रास नसलेल्या त्या वयातही, तपकिरी मॅक्रोफेजचे पुंजके साचलेले होते. तुमच्या वडिलांच्या अहवालात जे आज दिसले, त्याची सुरुवात तुमच्या भावाच्या वयातच होते. त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याची तपासणी, आज केली तर ती बहुधा चांगली येईल आणि तो ती घरी सगळ्यांना दाखवील. परंतु दोन मिलिमीटरखालच्या नळ्यांचा हवेच्या एकूण अडथळ्यातील वाटा निरोगी माणसात फार थोडा असतो, म्हणून त्यांतील पुष्कळ नळ्या बंद पडेपर्यंत ही तपासणी काही बोलत नाही. दिवसाला पाचपेक्षा कमी ओढणाऱ्यांचीही फुफ्फुसक्षमता न ओढणाऱ्यांपेक्षा वेगाने घटते, आणि ती घट कमी ओढल्याच्या प्रमाणात कमी नसते. चार-पाच ओढणाऱ्याला सोडणे तुलनेने सोपे जाते. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम, आणि गरज पडली तर व्हॅरेनिक्लिन डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. वडिलांच्या पुढच्या तपासणीला त्याला सोबत न्या, आणि दुर्बिणीचा तो अहवाल डॉक्टर समजावून सांगतील तेव्हा तो खोलीतच थांबेल असे पाहा.